बारा जणांचं बुकिंग

१४

जिंतूर मागं पडलं तेव्हा आम्ही क्रूझरमध्ये चौदा जण होतो, आणि विला बारा जणांचा होता.

बुकिंग धम्मशीलाअक्कांनी केलं होतं. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, सिद्धोधनची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. शाल नको, हॉल नको, भाषणं नकोत. सगळ्या भावंडांनी एक दिवस एका ठिकाणी राहायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि बायकांपैकी कुणी गॅस पेटवायचा नाही, एवढंच त्यांनी मागितलं. मोबाइलवर येलदरी धरणाच्या बाजूला हा विला सापडला. स्विमिंग पूलचं निळं पाणी, गवताच्या छत्र्या, आणि नारळासारखी दिसणारी पण नारळ नसलेली झाडं.

"बीच विला म्हणे," सिद्धोधन म्हणाला. "येलदरीला बीच कुठून आला?"

"ट्रॅक्टरनं," अक्का म्हणाल्या. "वाळू आणून टाकलीय. फोटो बघ की. झाडं आंध्रातून आणल्यात."

"मंजी झाडं बी पाहुणीच."

गाडी हसली. मग अक्कांनी फोनवरचे नियम पुन्हा वाचले. फक्त कुटुंब. बारा जण, त्याहून एकही जास्त नाही. प्रत्येकाचं आधार कार्ड. आल्यावर मोजणी होईल.

आम्ही मोठी माणसं बारा होतो. वर दोन लेकरं: अक्कांची नात प्रियांका, वय नऊ, आणि माझी संबोधी, वय सहा.

"फोन करून विचारू की अक्का, लेकरं चालतेत का म्हणून."

"विचारायचं न्हाई."

"काय होतंय विचारलं तर?"

"बबिता," अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आपण त्यांना एक कारण दिलं ना, की मग त्यांना दुसरं सांगावं लागत न्हाई."

दुसरं कोणतं, हे गाडीत कुणी विचारलं नाही. मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी गेटवर आधार कार्डं दाखवून झाल्यावर आम्हाला सांगितलं होतं की पाण्याची मोटार जळालीय. आम्ही गाडी वळवत होतो तेव्हा मागून दुसरी गाडी आली आणि सरळ आत गेली. तिच्यातल्या पोरांच्या गळ्यात पोहायच्या ट्यूब होत्या.

म्हणून लेकरांनी लपायचं ठरलं.

आमच्या लेकरांना हे नवीन नव्हतं. एसटीत पाच वर्षांपुढं अर्धं तिकीट लागतं, आणि कंडक्टर जवळ आला की आमच्याकडं लेकरू आपोआप लहान होतं. गुडघे मोडतं, मांडीत शिरतं, अंगठा तोंडात घालतं. संबोधीला मात्र ते जमत नव्हतं. जानेवारीत जिंतूरच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "कितवीला हाय गं बाळा?" तर ही सीटवर ताठ उभी राहून म्हणाली, "पहिलीला. अ तुकडी." सगळी बस हसली. कंडक्टरही हसला. मी हसले नाही. घरी जाऊन मी तिला पुष्कळ बोलले.

या वेळी मी तिचे दोन्ही खांदे धरून सांगितलं.

"कुणी नावानं बोलावलं तरी बाहेर यायचं न्हाई. बोलायचं न्हाई. हालायचं न्हाई. मी स्वतः येईपर्यंत."

"प्रियांकाताईनं बोलावलं तर?"

"तरी न्हाई."

"पप्पानं?"

"तरी न्हाई."

तिनं मान डोलावली. हे सगळं मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही.


१२

चार वाजले होते. मे महिन्याचं ऊन अजून वाळूवर उभं होतं.

गेट उघडणाऱ्या माणसाचं नाव बन्सीधर. पन्नाशीचा, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, कोपरापर्यंत हात ओले. तो जवळच्याच गावचा आणि विल्याची राखण करायचा.

"गाडी घराच्या मागं घ्या," तो म्हणाला. "फिल्टर धुवायलो हुतो. हात पुसून येतो, मग मोजतो."

आम्हाला पाहिजे होतं तसंच झालं. क्रूझर मागं गेली, मागचं दार उघडलं, आणि बॅगांच्या आडून दोघी खाली उतरल्या. प्रियांकाचा हिरवा फ्रॉक स्वयंपाकघराच्या दारातून आत जाताना मला दिसला. संबोधी कुठं गेली ते दिसलं नाही. मी बर्फाचा डबा उतरवत होते. बन्सीधर कोपऱ्यावरून येत होता, आणि मी मुद्दाम त्याच्याकडंच बघत राहिले, म्हणजे माझी नजर दुसरीकडं जाणार नाही.

व्हरांड्यात त्यानं आम्हाला लग्नातल्या फोटोसारखं उभं केलं. कार्डं एकेक करून घेतली. वाचताना त्याचे ओठ हलत होते. आडनावापाशी त्याचा अंगठा थांबत होता. किंवा मला तसं वाटलं. मग त्यानं बोट उचललं.

"एक. दोन. तीन..."

बोट माझ्यावरून गेलं तेव्हा मी पोट आत घेतलं. कशासाठी, माहीत नाही.

"...बारा. बरुबर." त्यानं कार्डं परत दिली. मग सहज म्हणाला, "लेकरं न्हाई आणले का कुणी? सुट्ट्या हायत की."

अक्कांनी कार्डं पर्समध्ये टाकली.

"परीक्षा हायत," अक्का म्हणाल्या. वर्गातला आवाज.

"मे मधी?"

"क्लासच्या."

"अवघड हाय आजकालच्या लेकरांचं." त्यानं टॉवेल झटकला. "बरं. पाण्यात पावडर टाकलीय. आता मोटार चालू करतो, पाणी फिरू द्या. अर्धा तास कुणी उतरू नका, डोळे जळतेत."

तो घराच्या मागं गेला. लोखंड आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मोटारीची घरघर सुरू झाली आणि तो गेटाजवळच्या आपल्या खोलीकडं जाताना दिसला.

आम्ही हसलो. बाराही जण, तोंडावर हात ठेवून. अक्का इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.


१३

प्रियांका स्वयंपाकघरातल्या कपाटातून निघाली. केसांत जाळं, हातात स्टीलचा एक चमचा.

"संबू कुठाय?"

"माझ्या मागं हुती."

"मग?"

"मग न्हवती."


१३

"संबोधी."

मी ओरडले नाही. पुटपुटले. आम्ही सगळे पुटपुटत होतो. बारा मोठी माणसं एका लेकराला कानात सांगितल्यासारख्या हाका मारत होती. संबोधी. संबू. ये गं. झालं. गेला तो. ये.

"हळू," अक्का म्हणाल्या. "त्याला ऐकू जातंय."


१३

पलंगाखाली नाही दुसऱ्या पलंगाखाली नाही कपाटात गाद्या होत्या गाद्या काढल्या नाही बाथरूम नाही पडद्यामागं पाय दिसले पाय नव्हते चपला होत्या गॅसच्या टाकीमागं नाही क्रूझरमध्ये नाही क्रूझरच्या खाली नाही गवताच्या छत्र्या मोकळ्या झाडांची खोडं तिच्याहून बारीक


१३

पाणी निळं नव्हतं. पावडरीनं दुधासारखं झालं होतं. मी काठावर गुडघे टेकून वाकले तर मला माझं तोंडही धड दिसलं नाही. तळ तर नाहीच.

सिद्धोधन कपड्यांसकट उतरला. त्याला पोहता येत नाही. छातीइतक्या पाण्यात तो पाय घासत, हात पसरून चालत होता, अंधारात भिंत चाचपावी तसा. प्रत्येक पावलाला तो थांबायचा. प्रत्येक वेळी तो थांबला की माझ्यातलं काहीतरी थांबायचं.

मी परभणीत एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. पाण्यात गेलेल्या लेकराला किती मिनिटं असतात ते मला पाठ आहे. मला ते विसरायचं होतं. बन्सीधर गेला त्याला वीस मिनिटं झाली होती.

"इकडं काही न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "खोल बाजूला माझा पाय पुरंना."

"जा ना पुढं."

"पाय पुरंना गं, बबिता."


१३

मागच्या कुंपणाच्या तारेत एक फट होती. लेकरू जाईल एवढी. त्यापुढं उतार, आणि उताराखाली धरणाचं पाणी, लांबवर पसरलेलं, त्याच्यावर ऊन. दोन दीर फटीतून पलीकडं गेले आणि उतरत उतरत लहान दिसायला लागले. तेही हाका मारत नव्हते. नुसते इकडंतिकडं बघत होते, काही पडलं असल्यासारखे.

मी गेटाकडं निघाले. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"कुठं?"

"त्याला सांगते."

"पाच मिनिटं थांब. सापडंल. हितंच असंल कुठंतरी."

"अक्का, सोडा."

"तू सांगितलं की तो मालकाला फोन करंल. ही माणसं खोटं बोलले म्हणंल. मग गेटाच्या बाहेर. सगळ्यांच्या देखत, सामानासकट..." त्यांचा आवाज मध्येच तुटला. "पाचच मिनिटं, बबिता. मी तुझ्या पाया पडते."

छत्तीस वर्षं ज्यांच्यासमोर वर्ग गप्प बसला त्या बाई माझ्यासमोर अर्ध्या वाकल्या होत्या. त्यांनाही संबोधीच पाहिजे होती, हे मला दिसत होतं. आणि तरीही मनगट सुटत नव्हतं.

सगळ्यात वाईट गोष्ट ही, की मी थांबले. पाच मिनिटं नाही. पण थांबले. मीही गेटाकडं बघितलं, मीही मागच्या वर्षीची ती आत जाणारी गाडी बघितली, आणि श्वास चारपाच वेळा आत-बाहेर होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.

मग मी हात ओढून घेतला आणि पळाले.


१३

बन्सीधर बाजेवर बसून बशीतून चहा पीत होता.

"आमी चौदा हाव," मी म्हणाले.

"काय?"

"चौदा. बारा न्हाई. दोन लेकरं लपवली हुती. एक सापडंना. पोरगी हाय. सहा वर्षांची."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग येतोय का, हे मी शोधत होते. त्या वेळीसुद्धा.

"कुठं लपवली?"

"म्हाईत न्हाई. घराच्या मागं उतरली."

"मागं." त्याच्या हातातली बशी कलली आणि चहा त्याच्या पायावर सांडला. त्याला ते कळलंच नाही. "मागं खड्डा उघडा हुता."

"कसला खड्डा?"

"मोटारीचा. फिल्टरचा. खाली उतरून धुवायलो हुतो मी. गेल्या महिन्यात कुत्रं पडलं हुतं त्याच्यात, म्हणून जाताना झाकण लावलं." तो उठला. "आत बघितलं न्हाई मी. तुमी म्हणले लेकरं न्हाईत."

खोलीच्या भिंतीवरच्या मेन बोर्डाचा खटका त्यानं खाली ओढला.

मोटार थांबली. इतका वेळ ती चालू होती हे तेव्हा मला कळलं. सगळीकडं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत कुणीही हाक मारत नव्हतं, रडत नव्हतं, दार वाजवत नव्हतं.

बन्सीधर अनवाणी पळत होता. त्याच्या मागं मी. आणि पहिल्यांदाच मी ओरडले. घसा फाटेल असं. तिचं नाव. दोनदा. उत्तर आलं नाही.





लोखंडी झाकण दिवसभर तापलेलं होतं. त्यानं नुसत्या हातांनी धरलं. एकदा सुटलं. पुन्हा धरलं. त्याला उचलायला किती वेळ लागला आणि तेवढ्या वेळात आम्ही किती जण होतो, मला सांगता येत नाही.





१४

खालून पावडरीचा वास आला, डोळे मिटतील असा. गरम वाफ आली.

एक मोठी निळी टाकी, जाड पाइप, टाकीच्या मागं कोपरा. कोपऱ्यात ती उकिडवी बसली होती. कुठूनतरी गळून आलेल्या पाण्यात तिचे पाय घोट्यापर्यंत बुडले होते. दोन्ही हात तोंडावर. डोळे उघडे, लाल, वाहणारे. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मागं, वरून डोकावणाऱ्या बन्सीधरकडं बघत होती.

मी शिडी धरली नाही. उडीच मारली. तिचे हात ओढले तर ते निघेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. उजव्या तळहातावर तिच्याच दातांची रांग उमटली होती, आणि एका जागी रक्त.

मी नखं बघितली. ओठ बघितले. छातीवर कान ठेवून श्वास मोजले. जलद होते. पण होते.

"हाय का?" वरून बन्सीधर विचारत होता. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "बाई, हाय का लेकरू? बोला की. हाय का?"

"हाय!" मी म्हणाले. "हाय, हाय. माझी हाय."

त्यानं तिला वर घ्यायला हात खाली सोडला. भाजून लाल झालेला. संबोधीनं तो हात बघितला आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. सिद्धोधनला यावं लागलं. मगच ती वर गेली.


१४

व्हरांड्याच्या पायरीवर मी तिचे डोळे धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा. अक्का तांब्यानं पाणी घालत होत्या. त्यांच्या हातातलं अर्धं पाणी बाहेर सांडत होतं. धरणाकडं गेलेले दोघे परत आले आणि लांबच उभे राहिले. प्रियांका आपल्या आईच्या पदरामागं रडत होती.

बन्सीधर वाळूत बसला होता. हात पाण्याच्या बादलीत.

"झाकण लावताना आवाज द्यायचा की बाळा," तो म्हणाला. "मी हितंच हुतो. वीतभर लांब."

तिनं त्याच्याकडं पाठ फिरवली. थोड्या वेळानं माझ्या कानाला ओठ लावून, इतकं हळू की मलाही धड ऐकू येईना, म्हणाली, "मी त्याला दिसले न्हाई ना मम्मी?"

मी हात उचलला. तिला मारायला की जवळ घ्यायला, मलाच माहीत नव्हतं. हात तसाच राहिला आणि मग खाली आला.

"बारा म्हणजे बारा मोठी माणसं, बाई," बन्सीधर बादलीत बघत म्हणाला. "लेकरं कोण मोजतंय? रोज येतेत इथं, धा-धा लेकरं येतेत. म्हणून तर विचारलं मी." त्यानं वर बघितलं. "मालकाला कळू देऊ नका. खड्डा उघडा सोडला म्हणून मला काढंल. लेकराच्या जिवाला काही झालं असतं तर मी..."

लेकरं कोण मोजतंय. आता तो असं म्हणत होता. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी अक्कांकडं. चार वाजता, हातात आमची कार्डं असताना, चौदा म्हटल्यावर तो काय म्हणाला असता? हेच म्हणाला असता कदाचित. हसून दार उघडलं असतं. किंवा एक कारण मिळालं म्हणून त्याला बरं वाटलं असतं. मी त्याच्या तोंडाकडं खूप वेळ बघत राहिले. ते साध्या, घाबरलेल्या माणसाचं तोंड होतं. त्यावर मला काहीच वाचता आलं नाही.

ऊन थोडं उतरलं. कुणीतरी म्हणालं, चहा टाकू या. कुणीतरी म्हणालं, आता राहायचं का जायचं? कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून आम्ही राहिलो. पाण्याची दुधाळ साय हळूहळू फिटत होती आणि तळातल्या फरशा दिसायला लागल्या होत्या.

बन्सीधर उठून आमच्याकडं आला. हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. पायरीपासून दोन हात लांब थांबून तो वाकला, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर येईल. आता त्याच्या आवाजात थोडा जीव आला होता.

"नाव काय गं बाळा तुझं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"संबोधी."

"अरे वा. असं न्हाई, पूर्ण नाव सांग की. बापाचं, आडनाव, सगळं."

लेकरांना असंच विचारतात. सगळेच विचारतात, पाहुणे, मास्तर, दुकानदार. लेकरू घडाघडा सांगतं आणि मोठी माणसं हसतात. त्यानं आमची कार्डं तासाभरापूर्वी वाचली होती. विचारण्यात काहीच नव्हतं. तरी अक्कांच्या हातातला तांब्या थांबला. सिद्धोधन ओल्या कपड्यांत उभा होता, त्यानं मान खाली घातली.

संबोधीनं बन्सीधरकडं बघितलं. मग ओठ आत घेऊन दातांखाली दाबले.

"लाजायली," तो हसून म्हणाला.

ती लाजत नव्हती. माझा हात तिच्या पाठीवर होता, आणि पाठ श्वासानं हलत नव्हती.